अकरा हार्वेस्टर

प्रिय मायरन,

तू पाठवलेले जमीनविक्रीचे कागद मिळाले. तुझ्या दाजींना, माझ्या पेट्रोला, पुरून आठवडा झाला, सहाशे एकर गहू उभाच, आणि दोन दिवसांत बर्फ पडणार. आज सकाळी सही करायला बसले, तर रस्त्यावर धूळ उठली. एकामागोमाग एक, अकरा हार्वेस्टर! पुढे याकिव्ह, बांधाच्या भांडणावरून एकोणीस वर्षं आमच्याशी न बोललेला.

मी धावले. "अहो, तुमचं शेत पलीकडे!"

"आंधळा नाही मी," तो खेकसला. "बघत काय उभी राहिलीस, वहिनी? तीस माणसांना पिरोहीच्या करंज्या कोण उकडून घालणार?"

स्वतःचा गहू उभा टाकून आले होते रे सगळे! जो गहू कापायला पेट्रोला पंधरा दिवस लागायचे, तो सूर्य मावळायच्या आत कोठारात पडला. पिठाच्या हातांनी मी पायरीवर नुसती बघत राहिले.

जाताना याकिव्ह म्हणाला, "पुढच्या वर्षी तरी बांध सोडून पेर."

पुढच्या वर्षी, म्हणाला.

हे मी तुझ्या त्या कागदांच्या पाठीवर लिहितेय, म्हणून ते वेगळे परत पाठवणार नाही. सही करते, पण याच बाजूला.

तुझी थोरली बहीण,
स्टेफ्का