यांच्या हाताने घट्ट केलेला फिल्टर

रविवार, दिवाबत्ती झाल्यावर

आज सायलीने, माझ्या नातीने, अंगणात आपल्या आजोबांच्या पिकअपचं ऑईल स्वतः बदललं. अख्ख्या मुलुंडात अशी दुसरी पोर दाखवा! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण ऑईल फिल्टर काही निघेना. हे गेल्यापासून गाडीला कोणी हात लावला नव्हता, म्हणजे तो यांनीच बसवलेला. फिल्टर हातानेच घट्ट करायचा, पाना लावायचा नाही, असा यांचा कायदा. लोणच्याच्या बरणीचं झाकणपण तसंच लावायचे, मग मी बसायची झगडत.

"आजी, आजोबांनी आतून धरून ठेवलाय गं," सायली हसत म्हणाली. मला हसू येईना. खरंच धरला असेल तर? शेवटी तिने पाना लावला. कर्रकन आवाज झाला, फिल्टर सुटला, आणि माझ्या तोंडून "अहो!" निघालं. कशाला निघालं?

नव्या फिल्टरच्या रबराला तिने बोटाने ऑईल लावलं, अगदी यांच्यासारखं. म्हणाली, "आता घट्ट तू कर." बॉनेटमध्ये हात घालून मी जीव खाऊन पिळला. गाडी सुरू केली, थेंब गळला नाही. पोरीने मला उचलूनच घेतलं!

साबणाने धुतले तरी हातांना यांच्या हातांचा वास येतोय. मी पिळलेला फिल्टर सायली कधीतरी उघडेल. तेव्हा मी अंगणात असेन ना? नसले तर पोरीने पाना जरा हळूच लावावा.