रांगेतली मोकळी जागा

प्रिय आई,

खांदा बरा आहे, जेवतोही वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत? काल इंडियानातल्या बँडच्या स्पर्धेत पुन्हा आमचंच पथक पहिलं आलं. निकाल ऐकून एक आजोबा ओरडले, "येणारच की! गावोगावचे ड्रमवाले पळवलेत यांनी!" लोक हसले. मी मान वर केली नाही.

त्याआधी आपल्या गावचं पथक पाहिलं. मी मे महिन्यात ते सोडून या पथकात आलो, तेव्हा मैदानावर वाजवताना कुणी कुठून कुठे चालायचं ते बसवून झालं होतं. माझ्या जागी त्यांनी कुणालाच घेतलं नाही. ड्रमच्या रांगेत माझ्याएवढी मोकळी जागा सगळं मैदान फिरली.

पदक पाठवतोय. भिंतीवर लावू नकोस. गणवेश शिवून घ्यायला गावच्या पथकातली पोरं तुझ्याकडेच येतात.

तुझाच,
डेल