कडीवर उडालेला चेंडू

रविवार, ९ फेब्रुवारी

जिंकलो! अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

बँकेच्या संघाला या बास्केटबॉल स्पर्धेत आजवर कुणी हरवलं नव्हतं. आणि आम्ही हॉस्पिटलच्या बायका, ड्यूट्यांची अदलाबदल करून सराव करणाऱ्या, कप घेऊन आलो. शेवटी एका गुणानं मागे होतो. कोपऱ्यात चेंडू माझ्या हातात आला. समोर त्यांची उंच कॅप्टन, हात पसरून. पास द्यायला कुणी दिसेना. मारला. फळीला लागला, कडीवर उडाला, खाली हातांची नुसती झुंबड — आणि जाळीतून खाली. पाठोपाठ भोंगा. पुढचं धड आठवत नाही. सगळ्यांनी मला उचललं, एवढं खरं.

सोमवार, १०

लॅबमध्ये रक्त द्यायला आले त्याहून जास्त लोक अभिनंदनाला आले. अधीक्षकांनी चक्क नावानं हाक मारली. आजवर मी त्यांच्यासाठी 'अहो लॅब' होते.

घरी मात्र ह्यांनी विरजण घातलं. चहा गाळता गाळता म्हणतात, "मारलास छान, पण कडीवरून आत पडला म्हणजे नशीबच की. पुन्हा मारलास तर बाहेर जाईल."

मी म्हटलं, "मग तुमचं प्रमोशनही नशीबच."

सासूबाई आतून म्हणाल्या, "रोज उजाडायच्या आत उठून ती मैदानावर जाते, तिला काय नशीब उठवतं होय रे?"

सासूबाई! माझ्या बाजूनं! हे लिहून ठेवायलाच हवं.

मंगळवार, ११

सरावानंतर सरांना विचारलं. सर म्हणजे आमच्या एक्स-रे विभागातले, आम्हाला शिकवतात. सरळ उत्तर देतील तर ते सर कसले. "एखादा चेंडू नशिबानं जाईलही आत. पण बँकेसमोर शेवटपर्यंत टिकलात, ते कशानं?"

पटलं. तरी आतून वाटतंच — तो फटका माझा होता. मनगट बरोबर वळलं होतं. मला कळतं ना.

शेजारी मुंगी बुटांच्या नाड्या सोडत होती. मुलांच्या वॉर्डातली नर्स. संघात सगळ्यांत बुटकी, वयानं सगळ्यांत मोठी. तिलाही विचारलं, "तू सांग. नशीब की हात?"

"हात," म्हणाली, आणि हसली. बरं वाटलं.

बुधवार, १२

पाय ठणकताहेत. जो भेटतो तो तोच विषय काढतो. कंटाळा अजिबात येत नाही.

गुरुवार, १३

आज बँकेची उंच कॅप्टन लॅबमध्ये आली. रक्त तपासायला. बाही वर सारत म्हणाली, "नशीबवान आहेस हं."

मी शीर शोधायला लागले.

"अशी जोडीदारीण मिळायला नशीबच लागतं," ती म्हणाली. मला काही कळेना. तिनं मोकळ्या हातानं फोन काढला. "माझ्या भावानं बास्केटच्या मागून शूटिंग केलंय. रोज बघते आणि रोज जळते."

बघितलं. माझा फटका. फळी, कडी — आणि चेंडू बाहेर. सरळ बाहेर चाललेला. तेवढ्यात त्या झुंबडीतून एक हात वर येतो. दोन बोटं. चेंडू पुन्हा वर उडतो, अलगद आत. भोंगा त्यानंतर.

मुंगी.

कॅप्टनला म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा तेच.

आणि मी शहाणी तिलाच विचारत होते!

शुक्रवार, १४

मुंगीला वॉर्डात गाठलं. बाळाला औषध पाजत होती. "बोलली का नाहीस?" म्हटलं.

"वळून बघते तर तू सगळ्यांच्या खांद्यावर. इतकी खूश होतीस. म्हटलं, राहू दे. कप आपल्याकडेच आहे ना?" बोलताना चमच्यावरची नजर हलली नाही.

मला राहवेना. तिथल्या तिथे, सगळ्या आयांसमोर सांगून टाकलं — शेवटची बास्केट हिची, आम्हाला हिनं जिंकवलं. ऊर असा भरून आला की आवाज भलताच चढला. अख्खा वॉर्ड जागा झाला, बाळांनी एकदम भोकाड पसरलं.

मुंगी जाम चिडली.