कुसुम आणि सुमन एकच

मंगळवार, संध्याकाळ. बरकतपुरा

आज तिसरी फेरीही वाया गेली. उदगीरजवळचं शेत आजोबांनी आईच्या नावे केलं, पण उताऱ्यावर तिचं माहेरचं नाव आहे, कुसुम. आधारवर सुमन. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने सुमन लिहिलं आणि ती सुमन झाली. आता या दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र हवं, नाहीतर शेत तिचं ठरत नाही.

इथल्या कोठी बाजारातल्या टायपिस्टचा इंग्रजी फॉर्म तिकडे उदगीरच्या तलाठ्याने परत केला. म्हणे, आमच्या नमुन्यात, मराठीत आणा. तो नमुना मी कसाबसा नेटवर शोधला, भरला, आईला रिक्षाने पुन्हा कोठीला नेलं. नोटरी कागद उलटसुलट करून म्हणाला, "ये जबान मेरेकू आती नै मॅडम, साइन कैसे करूं?"

तांदळांत नाव लिहिताना कुणाचीच सही लागली नव्हती. इथे मराठी येणारा नोटरी आहे का, हे मीच आधी विचारायला हवं होतं का? आणि कुणाला?

घरी आल्यावर आई पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "त्यापेक्षा कुसुम वारली असं लिही. तो फॉर्म सगळीकडे मिळत असेल."