मोहन्याचा अकॉर्डियन

रविवार, २ नोव्हेंबर

सापडला! कल्याणजवळ मोहने गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला अकॉर्डियन! जाहिरातीतला फोटो इतका अंधारा होता की मला आधी टाइपरायटरच वाटला.

विकणारे मधुकाका. वय पंच्याहत्तर. कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजवला. आता कानात यंत्र आहे, त्यामुळे दर वाक्याला "काय म्हणालीस?" — आणि सरोजकाकू स्वयंपाकघरातून तेच वाक्य दुप्पट आवाजात पुन्हा म्हणतात. म्हणजे आता अख्ख्या इमारतीला कळलंय की मी डोंबिवलीच्या शाळेत गाणं शिकवते, पेटी मांडी घालून वाजवावी लागते, तोवर मागच्या रांगेतली पोरं पसार होतात, आणि मला उभ्याने, त्यांच्यात फिरत वाजवायचंय. सव्वीस जानेवारीला मैदानावर!

काका म्हणाले, "म्हणजे गुरं वळायला हवाय."

"तसंच समजा," म्हणाले मी. काकू आतून ओरडल्या, "तसंच समजा म्हणतेय!"

व्हिडिओ बघून अकरा गोष्टी वहीत लिहून नेल्या होत्या. एकेक तपासली. पट्ट्या चौतीस. डाव्या हाताच्या गुंड्या ऐंशी. भाता बांधून ठेवणारा बंद सोडवून, काहीही न दाबता तो नुसता लटकवून धरला — भाता हळूहळू उघडला. धाडकन उघडला असता तर कुठेतरी हवा गळतेय असं समजायचं. प्रत्येक पट्टी भाता उघडताना एकदा आणि मिटताना एकदा वाजवली, कारण सूर देणाऱ्या आतल्या धातूच्या पत्त्या दोन्हीकडे वेगळ्या असतात. पेटीत तसं नसतं! नाक लावून वासही घेतला. कुबट नाही. डांबरगोळ्यांचा.

"डॉक्टरीण आहेस का गं?" काकू म्हणाल्या.

समोरचं नाव झिजलंय. मागे मात्र इंग्रजीत कोरलंय — जर्मन डेमोक्रॅटिक रिपब्लिक. घरी येऊन शोधलं. हा देश १९९० साली संपला! म्हणजे अकॉर्डियन निदान पस्तीस वर्षांचा.

काका अठ्ठावीस हजार म्हणतायत. माझ्याकडे वीस आहेत. पण एक गोष्ट खटकली. सूर नीट लागत नाहीत. थरथरतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बाबांना फोटो दाखवला. "देशच नाय ऱ्हायला, तं गॅरंटी कोनाकं मागशील?"

आईने फोटो उलटा धरून बघितला. "आगो नयन, ह्ये छातीशी बांधून वाजवाचा? पोर बांधल्यावानी?"

रविवार, ९ नोव्हेंबर

कल्याणहून भिवाकाकांना घेऊन गेले. माझी पेटी तेच दुरुस्त करतात. चाळीस वर्षांचा हात. अकॉर्डियन फारसे उघडलेले नाहीत त्यांनी — "पन सूर तो सूर, ताई."

त्यांनी एकच पट्टी दाबून धरली, डोळे मिटले आणि मान हलवली. "एका पट्टीला दोन सूर लागतायत. आनि दोघं भांडतायत. ऐका."

तेच! मलाही तेच वाटलं होतं! मोबाइलवरचं सूर मोजायचं अ‍ॅप लावलं. काटा एका जागी ठरेना. मी मधुकाकांना तो दाखवला, जरा अभिमानानेच. हार्मोनिअमच्या पाच परीक्षा दिल्यात, पाचव्यात पहिला वर्ग! "काका, हा बेसूर झालाय," मी म्हणाले. हळू म्हणाले होते. काकूंनी ते मोठ्याने म्हटलं.

काका काटा बघत राहिले. "मला तर छान वाटायचं," म्हणाले. मग कानातलं यंत्र चाचपत, "असेल. कानच गेलेत, दुसरं काय. किती वर्षं असं बेसूर वाजवत होतो कोण जाणे. लोक आपले टाळ्या वाजवायचे."

"मी सांगतच होते, टीव्ही किती मोठा लावता!" काकू म्हणाल्या.

मग काकांनी स्वतःहूनच भाव उतरवला. अठरा. मी काही घासाघीस केली नाही. "खांद्याचे पट्टे कुजलेत. नवे शिवून घेतो, मग ने," म्हणाले. तीन आठवड्यांनी बोलावलंय.

सोमवार, १० नोव्हेंबर

दोन हजार वाचले! मुलांसाठी खंजिऱ्या घेणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. दुसरीतला राजरत्न पेटीला टेकून झोपला. खरोखरच झोपला! त्याच्या वर्गाच्या बाईंनी मला विचारलं, "अंगाई शिकवताय का?" अकॉर्डियन लवकर येवो.

काकांचा तो चेहरा मात्र मधूनमधून आठवतो. खरं बोलले, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं? पण वाटतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

उद्या आणायचा, तर आधी धरायचा कसा ते तरी शिकावं, म्हणून घोडबंदर रोडला सलिल सरांकडे गेले. वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांत आयुष्यभर अकॉर्डियनच वाजवलाय त्यांनी. एकविसाव्या मजल्यावर राहतात. दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून वर पोचले तर म्हणाले, "आलीस? मला वाटलं, लग्न करून येतेस."

त्यांनी स्वतःचा अकॉर्डियन काढला आणि वाजवला. तोही थरथरतो! अगदी तसाच!

मी मोठ्या धीराने म्हणाले, "सर, तुमचा थोडा बेसूर झालाय."

सर इतके हसले की भाता आपोआप मिटून भोंगा वाजला. मग त्यांनी दाखवलं. एका पट्टीला दोन पत्त्या. एक बरोबर सुरात, दुसरी मुद्दाम किंचित चढी. दोन्ही एकदम वाजल्या की हवेत लाट उठते. तीच अकॉर्डियनची गोडी. एक कळ दाबून त्यांनी दुसरी पत्ती बंद केली — झाली आपली पेटी! कळ सोडली — पुन्हा लाट.

"पेटीवाले सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात," सर म्हणाले. "पेटीत दोन सूर तंतोतंत जुळवायचे असतात ना. तोच कान घेऊन तुम्ही इकडे येता."

मोहन्याच्या अकॉर्डियनचं सगळं वर्णन सांगितलं, पहिल्या दिवशी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. "अठ्ठावीस कमीच मागितले त्याने. काय लाट आहे! कोणीतरी फार मनापासून लावलाय हा."

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "भाव त्याही सोताच उतरवला ना? मंग?" बाबा जेवता जेवता थांबले. "आपली खाडीवरची खाजनाची जमीन घेतली तवा घेनाऱ्याला भाव म्हाईत होता, मना नव्हता. बस, येवराच फरक." आणि उठून कपाटातून आठ हजार काढून दिले.

पण पैशांचं सोपं आहे. तीस वर्षं वाजवलेल्या माणसाला मी सांगून आले की तुम्ही वर्षानुवर्षं बेसूर वाजवत होता. मोबाइलवर काटा दाखवून! फोनवर काकांना ऐकू येत नाही, आणि हे मला काकूंच्या तोंडून सांगायचं नाही. उद्या समोर बसून सांगणार.

रविवार, ३० नोव्हेंबर

नाही सांगितलं.

दार उघडताच काका म्हणाले, "आधी वाजव!" नवे पट्टे, पुसलेल्या पट्ट्या, चकचकीत. मी वाजवला. सरळ, स्वच्छ सूर. लाट नाही.

पट्टे शिवून झाल्यावर काकांनी भिवाकाकांना पुन्हा बोलावलं होतं. दोन दिवस बसून त्यांनी एकूण एक पत्ती घासली आणि तंतोतंत जुळवली. मजुरी काकांनी दिली. "खोट असलेली वस्तू मुलांच्या शाळेत कशी पाठवायची? आता काटा लावून बघ."

मी काटा लावला. एका जागी ठरला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "बरोबर आहे ना आता?" मी हो म्हणून मान हलवली. पाकिटात अठ्ठावीस होते, त्यांनी अठरा मोजून घेतले. काकूंनी डब्यात चिवडा बांधून दिला. घेऊन आले.

सलिल सरांना फोन केला. "पुन्हा घासून पत्त्या चढवता येतील," म्हणाले, "पण त्यांची होती ती लाट आता यायची नाही."

अकॉर्डियन पलंगाखाली आहे. आई दोनदा विचारून गेली — वाजवत का नाहीस?

सोमवार, १ डिसेंबर

शाळेतून सरळ मोहन्याला. सांगितलं. पत्त्या, लाट, माझी चूक, सगळं. काकूंनी कपाळाला हात लावला. मी दहा हजारांचं पाकीट पुढे केलं, काकांनी त्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. "अजून एकदा. मोठ्याने." तिसऱ्यांदा ओरडूनच सांगितलं. तेव्हा काका खुर्चीतून उठले, अगदी टुणकन —

"सरोज! ऐकलंस का? माझे कान बरोबर होते!"