पावडर लावलेली गाडी

१२ नोव्हेंबर, बुधवार
बोळातून गाडी बाहेर काढताना स्टेअरिंग एकदम जड. पूर्ण वळवलं की खालून कण्हल्यासारखा आवाज. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यापासून डाव्या हाताला जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी दिला. संध्याकाळी दंड सुजला.

३० तारखेला नेसरीचं लग्न. नवरीचा मेकअप माझ्याकडे. आजारपणानंतरचं पहिलं बाहेरगावचं काम. वर्षभर पार्लर बंद, मंगळवार पेठेतल्या निम्म्या बायका दुसरीकडे वळल्या. नवरीची आई महादेवीताई फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमीच येणार न्हवं? दुसऱ्या कुणाला लावून देऊ नका." मी हो म्हटलं. जाणार, आणि स्वतः गाडी चालवत जाणार. हे म्हणतात ड्रायव्हर करू. मागच्या सीटवर बसून हॉस्पिटलला खूप वेळा गेले. पुरे आता.

१३ नोव्हें.
ह्यांनी बॉनेट उघडलं. स्टेअरिंग ऑइलच्या डबीत तळाला थोडंसं लाल तेल. बाटली ओतली, स्टेअरिंग हलकं झालं. "जुनी गाडी हाय, पिती थोडं." जणू गाडी त्यांच्या माहेरची.

१५ नोव्हें., शनि.
डबी परत रिकामी. तेल जातं कुठं? गाडीखाली बॅटरी मारून बघितलं तर सगळंच काळं, चिकट. का, तर आमचे हे दर मे महिन्यात गाडीला खालून जळकं ऑइल फासतात. ब्रशने, अगदी मन लावून. गावाकडे उसाच्या ट्रॉलीला फासायचे, ट्रॉली गंजली नाही, मग गाडी कशी गंजेल? ट्रॉलीला ना स्टेअरिंग ना रबराचे पाइप, पण हे कोण सांगणार. मी दोनदा सांगितलं होतं. असो.

१७ नोव्हें.
मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथल्या मुलाने वाकून बघितलं न बघितलं, म्हणाला स्टेअरिंगचा आख्खा रॅक बदलावा लागेल, पार्ट यायला तीन आठवडे. म्हणजे लग्न होऊन नवरी पाचपरतावण करून येईल तेव्हा आमची गाडी तयार.

१८ नोव्हें., मंगळ.
उद्यमनगर. ह्यांच्या ओळखीचे मेकॅनिक शिवाण्णा, मूळचे निपाणीकडचे. गाडी बंदही केली नव्हती, तोवर निदान तयार. "अक्का, मी आवाजावरनं सांगतो. पंपाचं सील गेलंय. बाकी काय न्हाय." सील बदललं. स्टेअरिंग लोण्यासारखं. आनंदाने रंकाळ्याला उगीच एक चक्कर मारून आले.

२१ नोव्हें.
कण्हणं परत सुरू. भाजी आणायला गेले होते, गाडी मंडईत वळवताना मध्येच आडवी अडकली. मागचे लोक हॉर्नवर हॉर्न. गाडीतच रडले, काच वर करून.
घरी आल्यावर हे हळूच म्हणाले, "ड्रायव्हर बघून ठेवू काय?" भांडी जरा जोरात घासली.

२२ नोव्हें., शनि.
परत शिवाण्णा. सील चुकलं असं मान्य करतील तर शपथ. "माजं सील चोख हाय की. दुसरीकडनं गळतंय." खाली सरपटत गेले आणि तिथूनच ओरडले, "ह्यो काळा रंगपंचमीचा कारभार कुणी केलाय? ह्यात गळतं कुठनं ते कसं दिसायचं?" आमचे हे समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभे.

गाडी खालून धुतली. पुसली, वाळवली. इंजिन चालू करून बघितलं तर दोन मिनिटांत पुन्हा सगळीकडे ओलसर, सुरुवात कुठून ते कळेना. तेव्हा मला सुचलं. मे महिन्यातल्या नवरीमुलींना पावडर लावली की घाम पहिल्यांदा कुठून फुटतो ते लगेच दिसतं. कपाळ, नाकाचा शेंडा, वरचा ओठ, प्रत्येकीची जागा वेगळी. म्हटलं, पुन्हा पुसा आणि पावडर मारा. बॅगेत डबा होताच.
शिवाण्णा हसले. "गाडीचं लगीन हाय काय अक्का?" पण मारली. रॅक, पाइप, पंप, सगळं पांढरंफेक. मी आत बसून स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, दोन्ही हातांनी, सावकाश. खालून आवाज आला, "थांबा. घावलं."

उतरून बघितलं. जाड पाइपाच्या रबरावर जिथे लोखंडी टोपी दाबून बसवतात, तिथून पांढऱ्यावर लाल रेघ ओघळलेली. बोटाने दाबलं तर रबर मऊ. "जळक्या ऑइलनं फुगलंय," शिवाण्णा ह्यांच्याकडे बघून म्हणाले. "फासा अजून."
मला इतकं बरं वाटलं की ह्यांना काही बोलले नाही. वर्षात पहिल्यांदा माझ्या कामातलं काहीतरी उपयोगी पडलं.

२४ नोव्हें.
पाइप बाजारात मिळेना. हे म्हणाले, "जुना पाइप दे हिकडं." ट्रॉली उचलायच्या जॅकचे पाइप जिथे टोपी दाबून बनवून मिळतात तिथे स्वतः गेले. दुपारी नवा पाइप घेऊन आले, हात काळे, तोंडावर मात्र तेज. शिवाण्णांनी बसवला. पुढची चाकं उचलून स्टेअरिंग फिरवत राहिले, आतली हवा निघेपर्यंत. मग माझी पाळी. दोन बोटांनी वळलं.
तर शिवाण्णा म्हणतात, "रॅकच्या टोकाला घातलेल्या रबरी बुटाखालीबी जरा ओल हाय. सगळ्याच जागा म्हाताऱ्या झाल्यात. म्हैनाबी जाईल, वरीसबी जाईल. मी काय देव न्हाय."
हेच वाक्य माझ्या डॉक्टरांनी जरा शुद्ध भाषेत सांगितलं होतं.

२७ नोव्हें.
गाडी चालवत कागलला जाऊन आले. ठीक. हे: "रविवारी मी नुसता शेजारी बसून येऊ काय?" नको म्हटलं. ह्यांचं तोंड उतरलं. मग म्हटलं, डबीतलं तेल तेवढं बघून द्या. पहाटे बघणार म्हणे.

३० नोव्हें., रवि., नेसरी
पहाटे निघाले. हे बोळाच्या तोंडाशी उभे, मी वळेपर्यंत. गडहिंग्लजच्या बाजारात ट्रॅक्टर आडवा, तिथेही दोन बोटांनी काढली. पोरीचा चेहरा झकास उजळला. शालूच्या निऱ्यांना उजवाच हात वापरला, कुणाला कळलं नाही.
जेवणाच्या वेळी महादेवीताईंचे दीर मांडवाबाहेर हाका मारत फिरत होते, "कोल्हापूरच्या गाडीचा ड्रायव्हर कुठं हाय? त्याला आधी वाढा, लांब जायचंय त्याला." मी गेले आणि म्हटलं, मीच. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "मग बसा की." पुरणपोळी, वर तूप, वाटीभर कटाची आमटी. ड्रायव्हरच्या पंगतीत बसून जेवले. इतकं गोड जेवण वर्षात लागलं नव्हतं.

२ डिसेंबर
दंड थोडा सुजलाय. पट्टी बांधली. ह्यांनी गाडीखाली बघितलं: बुटाखालची ओल तेवढीच, वाढलेली वाटत नाही. वाटत नाही म्हणाले, नक्की म्हणाले नाहीत.
नवरीच्या मावशीचा फोन. फेब्रुवारीत मुलीचं लग्न, चंदगडला. म्हणजे नेसरीच्याही पुढचा वळणावळणांचा रस्ता. जानेवारीत माझी तपासणी आहे. हे शेजारून खुणावत होते, नंतर सांगते म्हण.
येते म्हणून सांगितलं.