अर्धीच शिकवलेली उत्क्रांती

प्रिय दादा,

तू गेल्यावर तुला लिहीन असं वाटलं नव्हतं. पण सोमवारी दूध सोसायटीच्या नव्या सभागृहाला तुझं नाव देतायत, आणि नावाखाली दगडात कोरलंय, 'जो तगेल तोच जगेल.' म्हणे सरांची शिकवण! चेअरमन स्वतः सांगून गेला. तुझाच विद्यार्थी. मला आता भांडायचाही शीण येतो रे.

आठवतं? मी औरंगाबादच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीत घाटनांदूरला आले होते. नन्स सांगायच्या, माणूस देवाने वेगळा घडवला. तू बी.एस्सी.चं पुस्तक मिटून म्हणालास, "शशे, आपण आणि गोठ्यातली म्हैस, मागे मागे जात गेलं तर एकाच घरचे!" मी हसले, पण जन्मभर मला तेच पटलं. सगळेच भाऊबंद, मग कोण कुणाला दारातून हाकलणार?

हाकललं, दादा. तुझ्यादेखत.

दुष्काळात सोसायटीने चारा छावणी उघडली. फाटकावर निवड चालली होती. दुभती जनावरं आत, भाकड बाहेर. मेंढरं विकून एकच म्हैस राखलेली सरूबाई गयावया करत होती, "आज भाकड हाय, पाऊस पडल्यावर गाभण ऱ्हाईल की ओ!"

चेअरमन म्हणाला, "मावशे, निसर्गाचा कायदाच हाय त्यो. पटत न्हाई तर सरांना इचार."

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू काय केलंस? चष्मा पुसलास!

घरी आल्यावर मात्र मला म्हणालास, "निसर्गात काय घडतं, ते मी शिकवलं. आपण कसं वागावं, ते त्यातून निघत नाही." अरे, मग हे फाटकावर का नाही बोललास? निदान वर्गात? जन्मभर पोरांना बेडूक फाडून दाखवलेस, हे एक वाक्य जड झालं?

सरूबाईने म्हैस खाटकाला विकली. ते कळलं त्या दिवशी तू जेवला नाहीस. तुझं न जेवणं म्हशीच्या काय कामाचं?

तू वाईट नव्हतास, भिडस्त होतास. भिडस्तांच्या नावावर दांडगे काहीही खपवतात.

परवा चेअरमनला विचारलं, "सरूबाईला वाचून दाखवशील का रे हे दगडावरचं?" तर म्हणतो, "बाई, तुमी लई तापट."

आहेच! सोमवारी गुडघे धरून जाईन. कोरलेल्या दगडावरचा पडदा सरकायच्या आधी उठेन आणि तू घरात बोललेलं वाक्य भरसभेत सांगेन. माईक काढून घेतील. घेऊ देत. दगडावर काय ठेवायचं ते त्यांनी ठरवावं. त्या वाक्यावर माझ्या भावाचं नाव मात्र मी राहू देणार नाही.

तुझी धाकटी,
शशी